तुम्ही विचारलंत म्हणून: हे रोप नेमकं कशाचं आहे?

"फोटो पाठवतोय, हे रोप कशाचं आहे सांगाल का?" हा प्रश्न मला सारखा येतो. फोटोत वरून काढलेली दोन-चार चकचकीत पानं असतात, टॅगवरची शाई उडालेली असते, नाहीतर कोणीतरी मँगोस्टीन (उष्ण प्रदेशातलं एक फळझाड) म्हणून रोप दिलेलं असतं आणि घेणाऱ्याच्या मनात शंका असते. तर आज जरा सविस्तर लिहिते.

उष्ण, पावसाळी जंगलातल्या झाडांची पानं एकमेकांसारखी दिसतात. लांबट, जाड, गुळगुळीत आणि टोकाला निमुळती, म्हणजे पाणी पटकन निथळून जातं, आणि ही सोय एकमेकांशी काही नातं नसलेल्या कितीतरी झाडांनी करून घेतलीय. त्यामुळे नुसत्या आकारावरून ओळखायला गेलं की माणूसही फसतो आणि मोबाइलमधलं ॲपही. त्यात रोपाची पानं मोठ्या झाडासारखी असतीलच असं नाही. फणसाच्या लहान रोपाला बऱ्याचदा खाचा असलेली पानं येतात, ती बघून लोकांना तो नीरफणस वाटतो.

म्हणून मी आधी बघते ते पानं खोडावर कशी लागलीत, समोरासमोर जोडीनं की एक इकडे एक तिकडे. मग चीक. रोपाला पुरेशी पानं असतील तर एक पान देठापाशी तोडून बघा (दोनच असतील तर कृपा करून थांबा, आणि चीक हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नका, चाखून तर अजिबात बघू नका). पानं जोडीनं आणि चीक पिवळा चिकट असेल तर बहुतेक गार्सिनिया, म्हणजे मँगोस्टीन, अचाचाइरू, कोकम यांची मंडळी. चीक पांढरा आणि पानं आलटून पालटून असतील तर फळझाडांत मुख्य दोन शक्यता: चिकूचं कूळ, ज्यात अबियू, मामे सपोटे, स्टार ॲपल, मिरॅकल फ्रूट येतात, किंवा फणसाचं कूळ, ज्यात नीरफणस, चेंपेडाक, मरांग येतात. इथे शेंडा बघायचा. फणस, नीरफणसात नवीन पान एका टोपीसारख्या आवरणात गुंडाळलेलं असतं, ती टोपी गळते आणि खोडावर गोल कड्यासारखी खूण राहते, चिकूकडे असलं काही नसतं.

चीकच नसेल तर पान उजेडासमोर धरा. बारीक पारदर्शक ठिपके दिसले आणि पानं जोडीनं असली तर पेरू-जांभळाचं कूळ, जाबुटिकाबा त्यातलंच. ठिपके आहेत पण पानं आलटून पालटून आणि चुरगळल्यावर लिंबासारखा वास, तर लिंबाचं कूळ. पानं फांदीच्या दोन बाजूंना सपाट ओळीत बसलेली आणि चुरगळल्यावर उग्र वास आला तर सीताफळाचं कूळ, लक्ष्मणफळ किंवा रोलिनिया असू शकतं. पान उलटून बघायलाही विसरू नका, वरून अगदी साधं दिसणारं ड्युरियनचं पान खालून चंदेरी-तांबूस असतं! स्टार ॲपलचंही मागून तांबूस सोनेरी असतं, पण त्याला पांढरा चीक असतो, ड्युरियनला नसतो.

आणि बी कसं आलं होतं ते आठवा, हा पुरावा कोणी मोजतच नाही. 1973 मध्ये रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानं बियांचे दोन गट सांगितले: वाळवून साठवता येणारं बी, आणि वाळलं की मरणारं बी. मँगोस्टीन, रामबुतान, ड्युरियन, फणस हे सगळे दुसऱ्या गटातले. म्हणजे कोरड्या पाकिटातून आलेलं, महिनोन्महिने पडून राहिलेलं बी उगवलं असेल तर ते मँगोस्टीन नाही असं मी फोटो न बघताच म्हणेन. लक्ष्मणफळाचं बी मात्र वाळवून ठेवलं तरी उगवतं, फक्त वेळ घेतं. रोप अगदी कोवळं असेल तर वरची माती हलक्या हातानं बाजूला करून बी दिसतंय का बघा. मँगोस्टीनमध्ये बियाच्या एका टोकातून मूळ निघतं आणि दुसऱ्या टोकातून कोंब, ते दिसलं की गार्सिनियाची शंका आणखी पक्की होते.

नेमकं नाव मिळालं नाही तरी मला चालतं, कूळ कळलं की रोप वाढवता येतं. गार्सिनिया असेल तर खोल कुंडी, पहिली काही वर्षं सावली, आणि मुळांना धक्का नाही, कारण मँगोस्टीनच्या मुळांवर पाणी शोषणारे बारीक केसच नसतात, सोटमूळ दुखावलं की रोप बसतं ते बसतंच. 25 ते 30 अंशात ते खूश असतं, 20 च्या खाली वाढ मंदावते. सीताफळाच्या कुळाला साचलेलं पाणी चालत नाही. जाबुटिकाबा आणि मिरॅकल फ्रूटला आम्लधर्मी माती लागते, मिरॅकल फ्रूटला तर सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.8, आणि जड, म्हणजे क्षारांचं पाणी घालत राहिलात तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं पान होतं, मग लोक खत वाढवतात. खत नको! पावसाचं साठवलेलं पाणी द्या. उगवतानाच रोपं कोलमडत असतील तर बुरशी आहे, पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा.

फळाचं विचाराल तर बियापासूनचं मँगोस्टीन आईसारखंच निघतं, कारण त्याचं बी परागीकरणाशिवाय तयार होतं, फक्त आठ-दहा वर्षं किंवा जास्त थांबायची तयारी हवी. रामबुतानचं तसं नाही, बियापासूनची बरीच रोपं नर निघतात, आणि नर की नाही हे पानावरून कोणालाच सांगता येत नाही, फुलं येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून रामबुतान फळासाठीच हवं असेल तर बियाचं रोप जोमात वाढवा आणि खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर फळ देणाऱ्या झाडाची काडी किंवा डोळा बांधून घ्या, म्हणजे कलम करा.