मेहुण्याची डिझेल, माझी पेट्रोल आणि महिनाभराची अदलाबदल

आमच्याकडे चार माणसं जमली की पंधराव्या मिनिटाला विषय गाडीवर येतो, आणि गाडीवर आला की पहिला प्रश्न ठरलेला, ॲव्हरेज किती देते. आणि मग जो तो छाती फुगवून आकडा सांगतो. माझा मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ) यात सगळ्यात पुढे, त्याची दीड लिटरची डिझेल एसयूव्ही आहे आणि ती २१ देते असं तो गेली तीन वर्षं सांगतोय. माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, ती १२ च्या आसपास देते असं मी प्रामाणिकपणे सांगतो आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडे दयेने बघतो. "दाजी, एवढीशी गाडी आणि १२? इंजिन दाखवून घ्या एकदा."

तर यावेळी मी चिडून म्हटलं, महिनाभर गाड्या बदलू. तू माझी घेऊन तुझ्या रस्त्यावर जा, मी तुझी घेऊन माझ्या. तो लगेच हो म्हणाला, कारण त्याला वाटलं मी त्याच्या गाडीच्या प्रेमात पडेन. (थोडा पडलो पण. ते पुढे सांगतो.)

आधी मोजायचं कसं ते ठरवलं, कारण भांडणं सगळी तिथेच होतात. डिस्प्लेवरचा आकडा धरायचा नाही. टाकी फुल करायची, नोझल कट झाला की थांबायचं, वरून डुगडुगवून अजून भरायचं नाही, ट्रिप मीटर शून्य करायचा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरून किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही कारण प्रत्येक नोझल वेगळ्या ठिकाणी कट होतो, अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक सहज पडतो. म्हणून अदलाबदलीच्या आधी दोघांनी आपापल्या गाडीच्या दोन टाक्या मोजल्या. माझी निघाली १२.३, तेव्हा डिस्प्ले मात्र १३.४ दाखवत होता, म्हणजे गाडी स्वतःच माझ्याशी नऊ टक्के खोटं बोलत होती. त्याची निघाली १८.६. तो म्हणाला पंपवाल्याने कमी घातलं असेल.

आता आमचे रस्ते. माझं ऑफिस ५ किलोमीटरवर, मध्ये अकरा सिग्नल, त्यातले निदान सहा तरी लाल मिळतातच. त्याचं काम ५५ किलोमीटरवर, घरातून निघून दहा मिनिटांत हायवेला लागतो तो थेट तिकडे उतरतो. बास, खरं तर इथेच सगळं उत्तर आहे, पण आम्हाला दोघांनाही तेव्हा दिसत नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच त्याचा फोन. "दाजी, तुमची गाडी बंद पडते हो." मी घाबरलो, म्हटलं काय झालं. झालं काही नव्हतं, हा डिझेलवाला माणूस, नुसता क्लच सोडून गाडी उचलायची सवय, एक्सलेटरला पाय लावायचा नाही. डिझेलला खालच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, इतका असतो की ती तशी निघते पण. छोटं पेट्रोल इंजिन तसं निघत नाही, त्याला क्लच सुटताना थोडा रेस द्यावा लागतो, नाहीतर आचका देऊन बंद. हा चढावर सिग्नलला तीनदा बंद पाडून बसला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. दुसरी तक्रार ओव्हरटेकची. पाचव्या गिअरला ट्रकच्या मागे लागायचा, एक्सलेटर पूर्ण दाबायचा आणि गाडी जणू विचार करत बसायची. त्याला सांगितलं, तिसरा टाक, इंजिन ओरडू दे, ओरडल्याशिवाय ही ओढत नाही. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, हिच्याकडे टॉर्क कमी म्हणून आरपीएमने भरून काढायचं. त्याला ते ओरडणं म्हणजे इंजिनवर अत्याचार वाटतो.

मला उलटा त्रास. त्याच्या गाडीत १५०० आरपीएमच्या खाली गाडी निघते तेवढीच, वेग घेत नाही, आणि मग टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा झाला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखं. सिग्नलच्या गर्दीत नेमकं हे दोन्ही एकामागून एक होतं, आधी मरगळ आणि मग एकदम उडी, पहिले चार दिवस माझी मान पुढे-मागे होत होती. पण रविवारी हायवेला काढली आणि मला कळलं हा माणूस एवढा फुशारक्या का मारतो. सहावा गिअर, काटा १०० वर, इंजिन दोन हजाराच्या आसपास शांत, पाय नुसता टेकवला तरी समोरचा ट्रक मागे जातो, गिअर बदलायची गरज नाही. आमच्या गाडीत याच वेगाला बोलायला आवाज चढवावा लागतो. बायको शेजारी बसून म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना." ती काय म्हणत होती मला आठवत नाही, पण भावाची गाडी आहे म्हटल्यावर काहीतरी म्हणत असणारच.

इथे एक गंमत. त्याच्या काट्यावर ११० असताना मोबाइलचा जीपीएस १०४ दाखवत होता. माझ्या गाडीत १०० ला ९६. हा बिघाड नाही, स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, म्हणून बनवणारे तो थोडा वरच ठेवतात. त्यामुळे "माझी ११० ला पण हलत नाही" वगैरे कोणी सांगितलं तर आधी विचारायचं कुणाच्या ११० ला. टायरचंही तसंच. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते, झिजून दोनवर आली की चाक सहा मिलिमीटरने लहान झालं, म्हणजे तीनशे मिलिमीटर त्रिज्येवर दोन टक्के, तेवढं ते जास्त फिरतं आणि ओडोमीटर तेवढे किलोमीटर फुकटचे मोजतो. नवीन टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून माझा एक मित्र टायरवाल्याशी भांडून आला होता.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. माझ्या पोटात गोळा, दुसऱ्याची गाडी. मॅन्युअल काढून वाचलं तर डीपीएफचा दिवा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा जो फिल्टर सायलेन्सरच्या लाइनीत असतो तो भरत आलाय. ती काजळी जाळायला तिथे सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, आणि माझ्या ५ किलोमीटरच्या रस्त्यावर ते कधी होणार, इंजिन जेमतेम गरम होतं तोवर मी पार्किंगमध्ये. त्याच्या हायवेवर तीन वर्षांत हा दिवा एकदाही लागला नव्हता, त्याला तो असतो हेही माहीत नव्हतं. मग संध्याकाळी रिकाम्या हायवेला घेऊन गेलो, चौथ्या गिअरला अडीच हजारच्या आसपास धरून पंचवीस मिनिटं नुसता चालवत राहिलो, कुठे जायचं नाही काही नाही, आणि दिवा गेला. मेहुण्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

काजळी जाऊ द्या, थंड इंजिन तसंही जास्त इंधन पितं, पेट्रोल असो की डिझेल. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे पाणी गरम झालं, आतलं ऑइल गरम व्हायला त्याहून बराच वेळ लागतो. आणि सिग्नलला उभं असताना काय, दीड लिटरचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते एक लिटर जाळतं आणि तेव्हा ॲव्हरेज असतं शून्य. माझ्या अकरा सिग्नलांची बेरीज रोज वीस मिनिटांच्या वर जाते, जाऊन-येऊन.

महिना संपला. त्याची डिझेल माझ्या रस्त्यावर ११.४. माझी "इंजिन दाखवून घ्या" वाली त्याच्या रस्त्यावर १७.८, आणि तेही हा ११० ने हाणत होता तेव्हा. ८० वरून ११० ला गेलं की वाऱ्याचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, तो वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जरा सबुरीने चालला असता तर १९ नक्की निघाले असते असं माझं मत आहे. शिवाय लिटरला लिटर ही तुलनाच जरा लबाड आहे, एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. सीएनजीवाले तर किलोचा आकडा सांगतात आणि आपण तो लिटरशेजारी ठेवून अवाक होतो, किलोभर गॅसमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते.

शेजारचे काका हे सगळं कुंपणापलीकडून ऐकत होते. त्यांची इलेक्ट्रिक. त्यांचं गणित आमच्या बरोबर उलटं, गर्दीत युनिटला साडेसात किलोमीटर आणि हायवेला साडेपाच. कारण उभी असताना मोटर काही खात नाही (एसी तेवढा खातो), ब्रेक दाबला की थोडं परत बॅटरीत जातं, आणि हायवेला ब्रेकच लागत नाही, नुसता वारा. काका सिग्नलला हसत बसतात असं त्यांनीच सांगितलं. मात्र तेही थोडे मेहुण्यासारखेच, आकडा गाडीच्या डिस्प्लेवरचा. मी म्हटलं घरच्या मीटरवर बघा, चार्जिंगमध्येच दहा-बारा टक्के उडून जातात. दोन दिवस बोलले नाहीत.

कंपनी जाहीर करते त्या ॲव्हरेजबद्दल तर मी बोलणंच सोडलंय. तो आकडा चाचणीतला, रोलरवर गाडी, ठरलेली वेगाची पट्टी, एसी बंद. युरोपात जुनी चाचणी ११ किलोमीटरची आणि २० मिनिटांची होती, २०१७ पासून २३ किलोमीटरची, ३० मिनिटांची आणि जास्त वेगाची आली आणि त्याच त्या गाड्यांचे आकडे कागदावर घसरले. गाडीत एक स्क्रू बदलला नव्हता.

गाड्या परत करायच्या दिवशी मी वही घेऊन गेलो. त्याने माझी सीट एवढी मागे केली होती की पाय क्लचला पोचेना, आणि हवा चारही टायरमध्ये चार-पाच पीएसआय कमी, महिनाभरात एकदाही बघितली नव्हती, म्हणजे १७.८ हवेशिवायचे. मी वही दाखवली, डीपीएफचंही सांगून टाकलं. त्याने शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाला, "ते सगळं बरोबर आहे दाजी, पण मी २१ काढलेत. फोटो आहे माझ्याकडे."

आणि खरंच होता. मोबाइल काढून, तीन वर्षं मागे स्क्रोल करून त्याने डिस्प्लेचा फोटो दाखवला, २१.३. रात्रीची वेळ, ११ वाजून गेलेले, घाट उतरून आल्यावर काढलेला. मी झूम करून कोपऱ्यात बघितलं. ट्रिप, १४ किलोमीटर.