तुम्ही विचारलंत म्हणून: बँकेने सोडलेले पैसे का भरले?

“बँकेने सोडून दिलेले ८५ हजार तुम्ही स्वतःहून का भरलेत?” हा प्रश्न मला नातेवाईक आणि जुनी गिऱ्हाइके अजूनही विचारतात, आणि त्यामागे माझे काही तत्त्व असावे असा बहुतेकांचा समज असतो. तत्त्व नव्हते, मुलीची फी होती.

बुधवार पेठेत माझा लग्नपत्रिकांचा लहानसा छापखाना होता. २०२० च्या टाळेबंदीत ऐन लग्नसराईत तो बंद पडला, तेव्हा क्रेडिट कार्डाचे १ लाख ८० हजार, एका पतसंस्थेचे ३ लाख आणि आतेभावाकडून घेतलेले हातउसने एवढे देणे माझ्या डोक्यावर होते. शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकिलांना मी दिवाळखोरीविषयी विचारले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग केवळ कंपन्यांना जामीन राहिलेल्यांना लागू झाला होता. माझ्यासारख्याला पुण्यात १९२० च्या कायद्याखाली नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करावा लागला असता. त्या कायद्यात कर्जदाराच्या अर्जाला ५०० रुपयांचे देणे पुरते, यावरून त्याचे वय कळावे. “नादारीच्या नादी लागू नका,” असे वकीलच म्हणाले.

यंत्रे विकून पतसंस्थेचे आधी फेडले, कारण सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाल्यावर माझ्या जामीनदाराच्या पगारावर टाच आली असती, आणि तो बिचारा एका शाळेत शिपाई आहे. कार्डाचे प्रकरण २०२१ मध्ये ९५ हजारांत मिटवले, उरलेले ८५ हजार बँकेने सोडून दिले. वसुलीचे फोन थांबले, आणि मी सुटलो असे समजून चाललो.

२०२३ मध्ये मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. बँकेतल्या बाईंनी माझा सिबिल अहवाल, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदी, उघडून पडदा माझ्याकडे वळवला: महिन्यामहिन्याच्या चौकटी, त्यांत आधी ०००, मग ०३०, ०६०, ०९०, म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते आकडे, आणि वर एकच शब्द, ‘सेटल्ड’. मी ज्याला मिटले म्हणत होतो, त्याचा तिथला अर्थ ‘पूर्ण पैसे आले नाहीत’ असा होता. अर्ज फेटाळला गेला, आणि पहिल्या वर्षाची फी बायकोच्या बांगड्या तारण ठेवून भरली. (सोनेतारणाचे हप्तेही अहवालात चढतात, हा त्यातला अनपेक्षित फायदा.)

पैसे जमवून २०२४ च्या उन्हाळ्यात मी ते ८५ हजार भरायला गेलो, तर घ्यायलाच कोणी तयार होईना. “खाते बंद आहे, रक्कम टाकू कुठे?” असे मला दोनदा ऐकवले गेले. शेवटी लेखी अर्ज देऊन, पावती आणि ‘नो ड्यूज’ पत्र हातात घेऊनच मी बाहेर पडलो. तरीही नोंद बदलली नाही, तेव्हा सिबिलकडे तक्रार केली. दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच वर्षी लागू झाला होता. तक्रारीत मी त्याचा उल्लेख आवर्जून केला. सव्वीसाव्या दिवशी ‘सेटल्ड’चे ‘क्लोज्ड’ झाले. थकलेल्या महिन्यांच्या चौकटी मात्र तशाच राहिल्या. पैसे भरून इतिहास पुसला जात नाही, आणि तो पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटांना दारात उभे करू नये.

मधल्या काळात, अहवालात वेळेवर फेडीच्या नोंदी चढाव्यात म्हणून, २० हजारांच्या मुदत ठेवीवर एक क्रेडिट कार्ड काढले. त्यावर फक्त लाइटबिल भरायचे आणि देय तारखेच्या आठवडाभर आधी ते पूर्ण चुकते करायचे, एवढाच त्याचा उपयोग.

मुलीचे कर्ज तिसऱ्या वर्षासाठी मंजूर झाले आणि त्यावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. आतेभावाचे ४० हजार अजून बाकी आहेत. त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नाही आणि तो मागतही नाही. दर दिवाळीला मी दहा हजार घेऊन जातो, आणि तो ते मोजून घेतो.