शेगडी परसात आली

गोव्यात बार्बेक्यूला मुहूर्त हवा तर तो संक्रांतीनंतरचा. पाऊस नाही, घाम नाही, रात्री अंगावर पातळ शाल घ्यावी इतकाच गारवा, आणि काजूला मोहोर आलेला. फोंडा आणि आसपासच्या गावांतली आम्ही मराठी घरं, मंडळ छोटंसं. हळदीकुंकू आटोपलं की कुणाच्या तरी परसात आमचं संमेलन भरतं. वार रविवार, कारण सोमवार आणि गुरुवार बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही, काहींचा शनिवारही असतो.

पूर्वी संमेलन म्हणजे पंगत. पहिली मुलांची, दुसरी पाहुण्यांची आणि शेवटची वाढणाऱ्या बायकांची. आई, काकू, मावशी स्वयंपाकघरात घामाघूम, बाहेर गप्पा रंगलेल्या. त्यांना जेवायला मिळायचं तेव्हा सोलकढीचं भांडं तळाला गेलेलं असायचं. मग एका वर्षी कुणीतरी परसात चार चिरे रचून वर लोखंडी जाळी ठेवली आणि चूल घराबाहेर आली. माझ्या मते मंडळाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. रांधणारी माणसं आणि खाणारी माणसं एकाच उजेडात उभी राहिली.

यजमानांचं काम आदल्या दिवशीच संपलं पाहिजे, हा आमचा नियम. बांगडे दुपारी आणायचे, चिरा देऊन रेशाद मसाला भरायचा: सुक्या लाल मिरच्या, लसूण, मिरी, जिरं, चिंच आणि माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर. कोंबडीला मात्र काफ्रियालचा हिरवा मसाला रात्रभर लागू द्यायचा. हा प्रकार पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून इकडे आला म्हणतात, पण कोथिंबीर, हिरवी मिरची आणि आल्याचा तो वास आता आमच्याच परसातला झालाय. कच्च्या कोंबडीला लागलेला मसाला वरून पुन्हा फासायचा नाही. फासायला थोडा आधीच बाजूला काढून ठेवायचा. शाकाहारी मंडळींची जाळी वेगळी, चिमटाही वेगळा. तिच्यावर नीरफणसाचे काप, सुरण, अननस, पनीर. त्यांनी कधी कुणाला विचारायची वेळ येऊ नये, यात मंडळाची इभ्रत आहे.

खरा सोहळा मात्र जेवणाआधीचा. नारळाच्या करवंट्या भडाभडा पेटतात, त्यांच्यावर लोणारी कोळसा रचायचा आणि मग थांबायचं. कोळशावर राखेची पांढरी साय धरायला अर्धा-पाऊण तास लागतो. ज्वाळा असताना मासा टाकला तर बाहेरून काळा, आतून कच्चा. हा वेळ कुणालाच घाईनं उरकता येत नाही, म्हणूनच तो आम्हा सगळ्यांचा होतो. गायिका केसरबाई केरकरांच्या केरी गावाहून येणाऱ्या एक वहिनी याच वेळी नाट्यपद म्हणतात, माईकशिवाय. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियमच आहे, पण आम्हाला तो कधी लागतच नाही. नवी सून, नुकतेच निवृत्त झालेले मास्तर, पणजीहून नोकरीवरून थेट आलेला मुलगा, सगळे शेगडीभोवती. घरात बसवून ओळखी करून दिल्या असत्या तर इतक्या झाल्या नसत्या.

मग खजिनदारकाका जाळीच्या वीतभर वर तळहात धरतात आणि मोठ्यानं मोजतात. चार-पाचला हात मागे घ्यावा लागला की निखारा तयार. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तापल्या जाळीवर फिरवायचा, तेव्हा चर्रकन् वास उठतो आणि मुलं धावत येतात. बांगडा ठेवला की हात आवरायचा. कातडी जाळीला धरून असेपर्यंत उलटायला गेलं तर मासा फाटतो. भाजली की ती आपोआप सुटते. कोंबडीच्या तंगड्या कडेला, जिथे निखारे कमी, तिथे सावकाश. आता एका सभासदानं टोचायचा तापमापक आणलाय: आत 74 अंश झाले की उतरवायच्या.

सगळ्यांचं एकदम कधीच होत नाही. जाळीवर मावतं तेवढंच भाजायचं आणि उतरलं की गरमच द्यायचं. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या पोळीत (गव्हाच्या गोल पावात) बांगड्याचा तुकडा, वर कांदा आणि लिंबू. पहिला घाणा आता आई-काकूंच्या ताटात जातो. हे कुणी ठराव करून ठरवलेलं नाही; चिमटा धरणारी मुलंच तसं वाढू लागली.

शेवटच्या निखाऱ्यांत रताळी पुरतात. घरी निघताना बांगडे उरलेच तर सोमवार पाळणाऱ्यांना त्यांचा उपयोग नसतो. ते न पाळणाऱ्यांच्या डब्यांत जातात. काटे काढून, कांदा, ओलं खोबरं आणि कोकम घालून कालवलं की दुसऱ्या दिवशी पेजेबरोबर ते आदल्या रात्रीपेक्षाही चवदार लागतं.