हरकत लिहून काय उपयोग?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. गावाशेजारी नवी वसाहत येणार अशी कुणकुण लागली की फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हरकत नोंदवून काय होणार? वर सगळं ठरलेलंच असतं ना?" गावोगावच्या लोकांना असे अर्ज लिहायला मी मदत करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

माझं उत्तर असं की उपयोग होतो, पण अर्ज मुदतीत आणि नेमका हवा. आपली गावं बहुतेक वेळा उशिरा जागी होतात. शेतात जेसीबी उतरतो, फ्लॅटच्या जाहिरातीचा फलक लागतो, मग ग्रामसभेत आवाज चढतो. तोवर खरा निर्णय होऊन काही वर्षं उलटलेली असतात. त्या जमिनीचा शेती विभाग नकाशावर रहिवास विभाग झाला, तेव्हाच तो झाला होता. त्या नकाशाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येऊन गेली, आणि गावात ती कुणी वाचली नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे प्रारूप विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे म्हणणं मांडता येतं. हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. ग्रामसभेच्या ठरावाला मात्र इथे तेवढं बळ नाही. प्रादेशिक योजनेतल्या (मोठ्या प्रदेशाच्या जमीनवापराच्या आराखड्यातल्या) गावांमध्ये गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी साधारणपणे जिल्हाधिकारी देतात, ग्रामपंचायत नाही. सरपंचांना दोष देणाऱ्यांना हे मी आधी सांगते. तरीही ठराव करावाच. तो फाईलला लागतो, आणि पुढे कुणी "गावाचं काही म्हणणं नव्हतं" असं लिहू शकत नाही.

पुणे महानगर प्रदेशाच्या प्रारूप विकास योजनेवर 2021 मध्ये हरकती मागवल्या, तेव्हा 60 हजारांहून जास्त आल्या. ती योजना सरकारने 2025 मध्ये रद्द केली. हरकतींमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, प्रकरण न्यायालयातही गेलं होतं. पण एवढे अर्ज आले की ते सहजासहजी बाजूला सारता येत नाहीत.

आता अर्जाबद्दल. "या प्रकल्पामुळे गावाचं गावपण नष्ट होईल, तरी तो रद्द करावा" असा एकच छापील मजकूर आणि खाली शेकडो सह्या, असे गठ्ठे मी पाहिले आहेत. त्यातली कळकळ खरी असते. पण सुनावणी घेणाऱ्याला त्यावर लिहिता येतं ते एकच: "नोंद घेतली." एका गावात एका शेतकरी बाईंनी दिलेला अर्ज मला अजून आठवतो. त्यांच्या गटाच्या उत्तर हद्दीने ओढा वाहतो. नव्या नकाशात ती निळी रेघच नव्हती, तिथे सरसकट रहिवास विभागाचा पिवळा रंग होता. त्यांनी जुन्या गाव नकाशाची प्रत जोडली, ओढ्यावर लाल पेनाने खूण केली, श्रावणात पाणी कुठवर चढतं तिथल्या बाभळीचा फोटो लावला आणि खाली गट क्रमांक लिहिला. अर्ज जेमतेम अर्ध्या पानाचा. पण याला "नोंद घेतली" म्हणून भागत नाही. ओढा आहे की नाही, हे कुणाला तरी जागेवर जाऊन पाहावं लागतं.

पाणंद रस्त्यांचंही, म्हणजे शेतांत जाणाऱ्या वाटांचंही, तसंच. प्लॉटिंगची भिंत उभी राहिली की मागच्या शेताची वहिवाट बंद होते, आणि मग पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी तहसील कचेरीत तारखा मोजत बसतात. रस्ता नकाशावर आहे का, हे भिंतीच्या आधी बघा.

पाण्याचा मुद्दा आकड्यांत मांडा. जलजीवन मिशनच्या नळयोजना माणशी रोज 55 लिटर धरून आखलेल्या आहेत. शहरासाठी 135 लिटर धरतात. नव्या वसाहतीत दोनशे घरं, घरटी चार माणसं, म्हणजे शहरी मापाने रोज एक लाख आठ हजार लिटर. हे पाणी कोणत्या विहिरीतून, कोणत्या बोअरमधून येणार आणि सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाणार, एवढं विचारलं तरी खूप झालं. कोणत्या महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येतं हे बायकांना तोंडपाठ असतं, म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर उरकू नका, खरोखर भरवा.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. "घरं नकोच" हा अर्ज मी लिहून देत नाही. गावठाण वर्षानुवर्षं तेवढंच आहे, भावाभावांत भिंती पडल्या आहेत आणि लग्न झालेला धाकटा ओसरीवर पत्रा टाकून राहतो. घरं त्यालाही हवीत. ज्याने जमीन विकली, त्यानेही बहुधा कर्जापायी किंवा आजारपणापायी विकली, त्याला सभेत गद्दार म्हणून काय मिळतं? भाडेकरू, सालगडी, बाहेरून आलेले मजूर यांना तर सभेत कुणी बोलतंच करत नाही. म्हणून अर्जात काय नको याबरोबर काय हवं तेही लिहा: ओढ्याची हद्द सोडा, पाणंद मोकळी ठेवा, अर्ध्या हेक्टरच्या रेखांकनातही (प्लॉट पाडण्याच्या नकाशातही) नियमाप्रमाणे दहा टक्के मोकळी जागा लागते, ती कोपऱ्यातल्या खड्ड्यात न दाखवता मुलांना खेळता येईल अशी दाखवा.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. सुनावणीचं पत्र आलं की मूळ कागद घेऊन जा. वेळ थोडा मिळतो, तेव्हा पहिल्याच वाक्यात गट क्रमांक सांगा आणि नकाशावर बोट ठेवा.