सोळावं पान

निरीक्षणाच्या तक्त्यात त्या मुलापुढे मी ‘डावखुरा’ असं लिहिलं होतं. ते खोडून पंधरा दिवस झाले, पण तक्ता अजून टेबलावरून हललेला नाही.

नुकती वाचायला लागलेली मुलं कुणाच्या मदतीशिवाय वाचतील अशी मराठी पुस्तकं तयार करणं हे माझं काम. छपाईला जाण्याआधी पुस्तकाची डमी घेऊन आम्ही एखाद्या शाळेत जातो. मुलं वाचतात, आम्ही गप्प बसून बघतो. मूल कुठे अडलं, कुठे मागे गेलं, कुठे हसलं, एवढंच टिपायचं. या वेळी भोर तालुक्यातली एक द्विशिक्षकी शाळा होती.

पुस्तक होतं सात शेपट्यांच्या उंदराचं. गोष्ट आजीच्या तोंडची. शाळेतली मुलं उंदराला चिडवतात, तो रडत घरी येतो, आई म्हणते जा, एक शेपटी कापून ये. मग सहा उरल्या म्हणून चिडवतात, मग पाच. शेवटी एकही उरत नाही आणि मुलं बिनशेपटीचा म्हणून चिडवतात ती चिडवतातच.

या गोष्टीची बांधणी मला फार आवडते. एका मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात (छापखान्यात त्याला फॉर्मा म्हणतात), मधोमध दोन पिना मारल्या की पुस्तक तयार. पहिल्या पानावर उंदराची ओळख, मग दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा प्रत्येक सम पानावर एकेक शेपटी जाते आणि सातवी चौदाव्यावर. उरतात दोन पानं. जणू गोष्ट रचणाऱ्या आजीला फॉर्मा ठाऊक होता.

त्यात आपल्या भाषेत क्रियापद शेवटी. वाक्य संपेपर्यंत काय झालं ते कळतच नाही. नवशिक्या वाचकाची यात दमछाक होते, तिसऱ्या शब्दाशी पोचेपर्यंत पहिला निसटलेला असतो. पण तेच क्रियापद उलटून येणाऱ्या पानावर ठेवलं तर? विषम पानावर, उजवीकडे: ‘काकांनी कातर उचलली. शेपटी पकडली. आणि…’ पान उलटलं की डावीकडे: ‘कचकन कापली!’ मूल अक्षरं लावायचा कंटाळा विसरून पान उलटतं.

‘कातर’ या शब्दासाठी मी दोन दिवस घालवले. कात्रीत त्र आहे. न्हाव्यात तर दोन-दोन जोडाक्षरं, शिवाय तो जातीचा उल्लेख. म्हणून काका आणि कातर. ‘सात शेपट्यांचा’ऐवजी ‘सात शेपटीवाला’. असं करता करता एक गोष्ट लक्षात आली, ती मी भेटेल त्याला सांगते. कचकन, गपकन, खसकन, धपकन, मचमच, गटगट: कापाकापीचे, खाण्यापिण्याचे, पडण्याझडण्याचे आपले शब्द जवळजवळ सगळे साध्या अक्षरांचे आहेत. आणि संस्काराचे शब्द? प्रामाणिक, सत्य, मैत्री, श्रम, कर्तव्य, स्वच्छता. जे मूल काल कुठे काना-मात्रा शिकलं, त्याच्यापुढे आपण हे डोंगर ठेवतो आणि मग म्हणतो मुलं वाचत नाहीत. (रक्तातही जोडाक्षर आहे, म्हणून आमच्या पुस्तकात रक्त नाही. खेड्यातली मुलं ‘रगत’ म्हणतात, ते किती सोपं आहे.)

पण पुस्तकं मुलं निवडत नाहीत. निवडतात ती मोठी माणसं, आणि ती आधी शेवटचं पान उलटून तात्पर्य शोधतात. आमच्या डमीवर एका निवड समितीतल्या ज्येष्ठ तज्ज्ञांचा शेरा आला: कापाकापी नको, शेपट्यांना रिबीन बांधावी. याच बाईंनी लहानपणी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट ऐकली असणार. ‘जाडजूड होऊन येते, मग मला खा’ असं ती वाघाला सांगते ते ऐकून त्यांचं काही बिघडलं नाही. तरी मी रिबीनवाली दुसरी डमी केली. दोन्ही घेऊन गेले. मुलांनीच ठरवावं असं मनात होतं, आणि खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं.

तिसरीतल्या त्या मुलाबद्दल वर्गाच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, तो शब्दाच्या पुढे जात नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या वाचन-चाचणीत अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. हा दुसऱ्या पायरीवर. बस्करपट्टीच्या टोकाला बसून त्यानं कातरवाली डमी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताचं बोट ओळीखाली फिरवायला लागला. उजवा हात गुडघ्याखाली. मी लिहिलं, डावखुरा.

पहिल्या दोन पानांना त्याला सहा-सात मिनिटं लागली. ‘क… च… क… न.’ मग एकदम ‘कचकन!’ आणि तो हसला. चौथ्या पानावर शब्द त्याला लांबूनच ओळखू आला. आठव्यापर्यंत शेजारची दोघं सरकून आली होती आणि पान उलटण्याआधीच तिघं मिळून ओरडत होती. दहाव्या पानावर तो बोट फिरवायचंही विसरला. शब्दाच्या पायरीवरचा मुलगा पूर्ण गोष्ट वाचत होता. माझ्या कामात यापेक्षा मोठा आनंद नाही.

चौदाव्या पानावर सातवी शेपटी गेली तेव्हा त्यानं उजवा हात वर काढला. तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यातूनच संपलेलं होतं. हात माझ्यापुढे धरून म्हणाला, “ताई, माझी पण. कुट्टीत.”

कडबाकुट्टीचं यंत्र. बाई पुढे यायला लागल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. माझं तोंड कोरडं पडलं. समितीतल्या बाईंचा शेरा आठवला आणि वाटलं, आपण हे काय केलं या पोरापुढे. पण तो रडत नव्हता, घाबरलाही नव्हता. माझं काहीतरी चुकलंय ते दुरुस्त करावं, अशा सुरात त्यानं समजावलं, “कातरीचं कचकन बरोबर आहे. मशीनचं तसं नसतं. मशीनचाच आवाज एवढा असतो, बोटाचा येतच नाही.”

शेजारच्या मुलानं मान डोलावली. त्यांच्यासाठी ही जुनी बातमी होती.

मग मी रिबीनवाली डमी दिली. ती त्यानं पाचव्या पानापर्यंत वाचली आणि परत केली. “यात काही होतच नाही.” हे ऐकायला मी एवढ्या लांब गेले होते, पण आता त्याचा आनंद होईना. त्यानं पहिलीच डमी पुन्हा उचलली आणि राहिलेली दोन पानं वाचली. पंधराव्यावर मुलं बिनशेपटीच्या उंदराला चिडवतात. सोळाव्यावर उंदीर एकटा, पाठमोरा बसलेला, खाली एकही शब्द नाही. हे पान मला फार आवडायचं.

त्यानं पान उलटून मलपृष्ठ पाहिलं, परत सोळाव्यावर आला. “ताई, आई काय म्हणाली?”

“कुणाची?”

“उंदराची. दर वेळी तीच सांगती ना कापून ये म्हणून. मग सगळ्या गेल्या तेव्हा काय म्हणाली?”

आम्ही तिघींनी, मी, लेखिका आणि चित्रकार, चार महिने या सोळा पानांवर घालवले. कातरीवर भांडलो, रिबिनीवर भांडलो, त्र आणि न्ह मोजले. सात वेळा आलेली आई शेवटी कुठे गेली, हे एकीनंही विचारलं नाही. समितीनंही नाही. सगळ्यांचे डोळे कातरीवर होते.

मी विचारलं, “तुझी काय म्हणाली?” विचारायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यानं मात्र नीट आठवून उत्तर दिलं.

“दवाखान्यातून आल्यावर? जेव म्हणाली. तिनंच भरवलं.”

परत येताना मी तक्त्यातलं ‘डावखुरा’ खोडलं. काय झालं ते लेखिकेला फोनवर सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सोळाव्या पानासाठी ओळ पाठवली: ‘आई म्हणाली, ये. जेव.’ ‘म्हणाली’तला म्ह सोडला तर एकही जोडाक्षर नाही. कातर आम्ही ठेवली आहे, समितीला तसं कळवलंही आहे.

फॉर्मा सोमवारी छापखान्यात जायचा आहे. चित्रकार रोज विचारते, त्या पानावर उंदीर आईकडे तोंड करून बसलाय की आपल्याकडे? आपल्याकडे तोंड केलं तर शेपटी नसलेली जागा दिसणार नाही. आईकडे केलं तर दिसेल. दोन्ही कच्ची चित्रं तिनं पाठवली आहेत. आज पुन्हा भोरला फोन करून, शनिवारी आलं तर चालेल का, असं बाईंना विचारलंय.