डावखुऱ्यांचं ऑनलाइन दुकान आणि अडकलेलं पेमेंट: माझा अनुभव

ऑनलाइन दुकान काढणं किती सोपं आहे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नाव घ्या, थीम निवडा, फोटो चढवा, झालं. तेवढं खरंच सोपं आहे, म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही. पण दुकान उघडलंय, माल मांडलाय, गिऱ्हाईक विचारतंय आणि पैसे घ्यायची सोयच सुरू होत नाही, त्याचं काय? मी तिथे इतकी रखडले की 'तुमचा अर्ज तपासणीत आहे' हे वाक्य कुठेही दिसलं तरी अजून डोकं फिरतं.

माझं दुकान डावखुऱ्यांसाठी आहे. मीही डावखुरीच. साधारण दहा माणसांत एक डावखुरं असतं. तेवढ्यासाठी वेगळा माल भरून ठेवणं नेहमीच्या दुकानदाराला परवडत नाही, पण ऑनलाइन ही विखुरलेली मंडळी शोधत शोधत एका जागी येतात. मी कात्र्या ठेवते, उजवीकडून डावीकडे आकडे चढत जाणाऱ्या पट्ट्या ठेवते, उजव्या बाजूला स्प्रिंग असलेल्या वह्या ठेवते. आणि डाव्या हाताच्या सुऱ्या. सगळं रामायण त्या सुऱ्यांवरून घडलं.

डोमेन (दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), थीम यांत काही अडलं नाही. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र, म्हणजे काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं ते कुलूप, बहुतेक होस्टिंगवाले फुकटात बसवून देतात. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

आता पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या बँकेत पोचवणारी सेवा. खातं चुटकीसरशी उघडतं आणि तिथेच माणूस फसतो, कारण उघडतो तो फक्त टेस्ट मोड. खोट्या कार्डाने खोटी ऑर्डर टाकायची, हिरवी खूण बघायची आणि खूश व्हायचं. खरे पैसे घ्यायला लाइव्ह मोड लागतो आणि त्यासाठी तपासणी. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा पुरावा हे सगळे मागतात. ओळखपत्रावरचं आणि बँकेतलं नाव अक्षरशः सारखं हवं, एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसती आद्याक्षरं असली तरी अर्ज परत येऊ शकतो. माझं ते जुळत होतं. संपर्काचं पान, माल परत घेण्याचे नियम, डिलिव्हरीची मुदत, ग्राहकाच्या माहितीचं काय करता ते सांगणारं पान, हेही तयार होतं. ही पानं नसतील तर अर्ज करूच नका, तपासणारा सगळ्यात आधी तीच उघडतो.

तरी उत्तर आलं: आपला व्यवसाय प्रतिबंधित प्रकारात मोडतो.

कुठला प्रकार? ते सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. मदत कक्षात लिहिलं, तर यादीचा दुवा आला. यादीत जुगार, औषधं, शस्त्रं आणि असलंच बरंच काही. मी वह्या आणि पट्ट्या विकते. परत लिहिलं. परत तोच दुवा, फक्त खाली सहीचं नाव वेगळं. दर वेळी 'आपल्या संयमाबद्दल आभार'. माझ्याकडे संयम नव्हता, पण आभार मानायचं त्यांनी सोडलं नाही.

मग मीच त्यांच्या डोळ्यांनी स्वतःचं दुकान वाचायला बसले. सुरीच्या पानावर लिहिलं होतं, 'एकाच बाजूने धार, डाव्या हातात सरळ कापते'. कात्रीच्या पानावर 'पातं' हा शब्द जागोजागी. पहिली चाळणी बहुधा यंत्रच लावतं. सुरी, पातं, धार एकत्र दिसलं की यंत्राच्या लेखी ते शस्त्रांचं दुकान. सुरीची धार एकाच बाजूने घासलेली असली तर उजव्यांच्या सुरीने डावखुऱ्याचा काप तिरका जातो, म्हणून उलट बाजूने घासलेली सुरी लागते, हे त्याला कोण समजावणार?

ओळखीच्या एक-दोघांनी सल्ला दिला की सुऱ्या काढून टाक, मंजुरी मिळाली की गुपचूप परत चढव. हे अजिबात करू नका. मंजुरीनंतरही ते साइट बघत असतात, आणि तेव्हा सापडलात तर खातं गोठतं, आत आलेल्या पैशांसकट. सुऱ्या ठेवायच्या की नाही हा प्रश्न उघडपणेच सोडवायला हवा.

त्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. गिऱ्हाइकाने 'वस्तू मिळालीच नाही' म्हणून कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली तर व्यवहार उलटतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. दुकानदार तोवर पसार झालेला असला तर ती रक्कम पेमेंटवाल्यांच्या अंगावर येते. नव्या दुकानाकडे संशयाने बघणं समजू शकते. पण संशय कशाचा आहे एवढं एका ओळीत सांगायला काय जातं? दाराशी उभं करून ठेवायचं, आत घ्यायचं नाही आणि जा असंही म्हणायचं नाही, हा प्रकार मला अजून पटलेला नाही.

शेवटी चॅट सोडून मी एक पत्रच लिहिलं. गिऱ्हाईक कोण, डाव्या हाताची कात्री वेगळी का असते, माल कुठून येतो, ऑर्डर साधारण केवढ्याची असेल, पैसे घेतल्यापासून माल पोचायला किती वेळ लागेल. (हा शेवटचा मुद्दा फार कामाचा. पैसे आणि माल यांत जितकं अंतर जास्त तितकी त्यांची धास्ती जास्त.) सोबत पुरवठादाराची बिलं आणि मालाचे फोटो जोडले. सुऱ्यांबद्दल स्पष्ट लिहिलं: स्वयंपाकघरातल्या आहेत, चालत नसतील तर तसं लेखी कळवा. आणि वर विषयात ठळक: 'हा अर्ज माणसाने वाचावा ही विनंती'.

माणसानेच वाचला असावा, कारण पहिल्यांदाच प्रश्न आला. व्यवसायाचा कोड कोणता निवडलात? कार्ड व्यवहारांत प्रत्येक धंद्याला चार आकडी कोड असतो. ५९९९ हा किरकोळ आणि विशेष वस्तूंच्या दुकानांचा. माझा अर्ज कुठल्या खणात पडला होता हे त्यांनी सांगितलं नाही, फक्त तो बदलला आणि खातं सुरू झालं. सुऱ्यांसकट! आनंद झालाच, पण त्याहून जास्त चीड आली. एवढंच होतं तर आधी का नाही?

म्हणून माझं सांगणं, दुकान सजवण्याआधी पेमेंटचा अर्ज टाका. नियमांची पानं आणि चार वस्तू मांडल्या की पुरे. लोगो आणि रंग तपासणी चालू असताना बघा. वस्तूचं वर्णनही असं लिहा की ती वस्तू कधी न पाहिलेल्या माणसाला ती कशासाठी आहे हे पहिल्याच ओळीत कळेल. गिऱ्हाइकाच्या कार्डाच्या हिशेबात तुमचं जे नाव उमटतं ते दुकानाचंच ठेवा. अनोळखी नाव दिसलं की लोक ते ओळखत नाहीत आणि तक्रार करून मोकळे होतात. पहिले पैसे बँकेत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा मालाच्या दुसऱ्या खेपेसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

मालाबद्दल एक राहिलंच. डाव्या हाताची म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कात्र्यांची नुसती मूठ बदललेली असते, पाती उजव्यांचीच. कात्री टोक पुढे करून धरा. वरचं पातं डावीकडे असेल तर खरी, आणि उलटी केली तरी ते डावीकडेच राहतं. पात्यांची रचना उजवी असेल तर डाव्या अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर सरतात, कागद कापण्याऐवजी दुमडतो, शिवाय कापायची रेघ पात्याआड जाते. पुरवठादार 'दोन्ही हातांना चालते' म्हणाला की नमुना मागवा आणि स्वतः कापून बघा. आपली गिऱ्हाइकं थोडी असतात आणि पारखी असतात, त्यांना असला माल खपत नाही.

आणि ऑर्डरची ईमेल स्पॅममध्ये जात असतील तर डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ईमेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलीय हे पटवणाऱ्या खुणा) बसवा, होस्टिंगवाल्यांकडे त्याची माहिती असते.

ते पत्र मात्र जपून ठेवा. तपासणी एकदाच होत नाही. मला परवाच पुन्हा विचारणा आली, व्यवसायाचं स्वरूप कळवा म्हणून. तारीख बदलून तेच पाठवलंय, सध्या अर्ज तपासणीत आहे.