‘रेसिडेंट ईव्हल ४’ व्हीआरमध्ये सुरू करताना: आधी हात तयार करा, मग गावात शिरा

हा भीतीचा आणि नेमबाजीचा गेम व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आणि दोन्ही हातांत कंट्रोलर धरून खेळायचा असतो. त्यात नवखा खेळाडू बहुधा पहिल्या गावातच अडकतो. चारी बाजूंनी माणसं चालून येतात, पिस्तुलातल्या गोळ्या संपतात आणि कमरेवरचं नवीन मॅगझिन (गोळ्यांची डबी) काही केल्या हाताला लागत नाही. नेम चांगला असूनही तो मरतो, कारण गोळ्या भरायची सवय त्याच्या हातांना झालेली नसते. म्हणून या लेखात कथेपेक्षा तयारीवर जास्त भर आहे.

मूळ गेम २००५ सालचा. त्यात गोळी झाडताना पाय रोवून उभं राहावं लागायचं, आणि शस्त्र बदलायचं तर मेन्यू उघडला की सगळं थांबायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्मेचर स्टुडिओने क्वेस्ट २ या हेडसेटसाठी व्हीआर आवृत्ती आणली आणि हे दोन्ही नियम बदलले. आता चालता चालता गोळी झाडता येते आणि शस्त्रं अंगावरूनच काढायची असतात. शत्रूंच्या चाली मात्र जुन्याच आहेत. त्यामुळे कागदावर गेम सोपा झालाय, पण पूर्वी बटण दाबलं की होणारं काम आता तुमच्या बोटांवर आलंय.

आधी खोली. उभं राहून खेळायचं तर निदान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी. तेवढी नसेल तर खुर्चीत बसून खेळा, गेम बसूनही पूर्ण होतो. जागेच्या मधोमध एक पायपुसणं टाका आणि अनवाणी उभे राहा. डोळ्यांवर हेडसेट असताना आपण सरकत सरकत कपाटापाशी कधी पोहोचलो ते कळत नाही. पायाखालची कड सुटली की लगेच कळतं. आपल्याकडच्या बैठ्या छताच्या खोल्यांत आणखी एक धोका असतो, तो सीलिंग फॅनचा. खांद्यामागची बंदूक काढताना हात वर जातो. उंच माणसाने पंख्याच्या थेट खाली उभं राहू नये. कंट्रोलरचे पट्टे मनगटात अडकवा. भीतीने हात झटकला जातो तेव्हा पहिला बळी टीव्हीचा असतो.

क्वेस्टचे कॅमेरे खोलीच्या उजेडावर चालतात. अंधारात खेळलं तर जास्त भीती वाटेल असं वाटतं, पण अंधारात कंट्रोलर हरवतात आणि हात तरंगत भलतीकडे जातात. दिवा चालू ठेवा. ट्यूबलाइटखाली हात थरथरताना दिसले तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची (हातांचा माग घेण्याची) फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोठा आरसा समोर असेल तर त्यावर चादर टाका. भिंगांवर थेट ऊन कधीही पडू देऊ नका, खिडकीतून आलेलंसुद्धा. भिंग ते ऊन एका जागी गोळा करतं आणि मागचा पडदा कायमचा डागाळतो.

चित्र धूसर दिसतंय ही तक्रार बहुतेक वेळा भिंगांच्या अंतराची असते. क्वेस्ट २ आणि ३एस वर त्याच्या तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. आरशासमोर पट्टी धरून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजा आणि जवळची खाच निवडा. क्वेस्ट ३ वर चाक फिरवून हवं ते अंतर धरता येतं. त्यानंतर हेडसेट गालांवर किंचित वर-खाली सरकवून अक्षरं जिथे सर्वांत स्पष्ट दिसतील तिथे पट्टा आवळा. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते, कारण भिंग थंड असतं आणि चेहरा गरम. खेळायच्या आधी पाच-दहा मिनिटं हेडसेट सुरू करून ठेवला की भिंग कोमट होतं. पुसायचं ते कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं तर भिंगावरचा थर जातो.

आता मळमळ. डोळ्यांना चालण्याचा भास होतो आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला शरीर स्थिर असल्याचं कळत असतं. या विसंगतीमुळे पोट ढवळतं. ही सहन करून जिंकायची गोष्ट नाही. घाम, वारंवार जांभया, तोंडाला पाणी सुटणं यांपैकी एकही लक्षण दिसलं की हेडसेट लगेच काढा. ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणून रेटलं तर त्रास तासन् तास राहतो, आणि पुढच्या वेळी हेडसेट हातात घेताच मन मागे हटतं. सुरुवातीला टेलिपोर्टने (जागा दाखवून तिथे एकदम पोहोचत) फिरा आणि वळण टप्प्याटप्प्याचं ठेवा. बैठक १५ ते २० मिनिटांची पुरे. काही बैठका आरामात गेल्या की अंगठ्याने सलग चालणं सुरू करा, पण कडा काळ्या करणारी सोय तेव्हाही चालू राहू द्या. सलग वळणं सर्वांत शेवटी. चालण्यापेक्षा वळण्याने जास्त मळमळतं. टेबलफॅन एका ठरावीक दिशेला ठेवला तर गालावर वारा लागतो आणि खोलीतली दिशाही कळत राहते. जेवण झाल्या झाल्या खेळू नका.

गेम सुरू झाला की पोलिसांच्या गाडीपाशी रेंगाळा, घाई करू नका. उजव्या हाताने खेळणाऱ्याची रचना अशी: पिस्तूल उजव्या कमरेला, गोळ्या डाव्या कमरेला, सुरा छातीवर, लांब बंदूक उजव्या खांद्यामागे, औषध डाव्या खांद्यामागे. हातांना या जागा न बघता सापडायला हव्यात. खाली कमरेकडे बघितलं की समोरचा शत्रू नजरेतून सुटतो आणि मानही दुखते.

मॅगझिन बदलायची क्रिया अशी: बटण दाबून जुनं पाडायचं, डावा हात कमरेला नेऊन नवीन घ्यायचं, मुठीच्या खालून वर ढकलायचं, आणि पिस्तूल पूर्ण रिकामं झालं असेल तर वरची स्लाइड मागे ओढून सोडायची. सगळी गडबड बहुतेक या शेवटच्या पायरीपाशी होते. चाप ओढला तरी गोळी सुटत नाही, मग घाबरून खेळाडू नुकतंच भरलेलं मॅगझिनही पाडून टाकतो. झाडावरच्या कावळ्यांवर दोन-चार गोळ्या झाडा आणि मग शांतपणे भरा. पिस्तूल पोटापाशी आणून भरायची सवय लावा, म्हणजे दोन्ही हात एकमेकांना लवकर सापडतात आणि कॅमेऱ्यांनाही दिसत राहतात. नेम धरताना डावा हात मुठीखाली टेकवला की लेसरचा ठिपका थरथरत नाही.

गोळ्या वाचवायचा मार्ग म्हणजे डोक्यात किंवा गुडघ्यात एक गोळी. शत्रू लडखडला की जवळ जाऊन लाथ घाला. एका लाथेत शेजारचेही कोसळतात आणि तेवढ्या क्षणांत तुम्हाला इजा होत नाही. पडलेल्यावर सुरा चालवा. सुरा झिजत नाही, त्यामुळे लाकडी खोकी नेहमी त्यानेच फोडा. वाटेत सापळ्यात अडकलेला कुत्रा दिसेल. त्याला नक्की सोडवा. पुढे एका महाकाय शत्रूशी गाठ पडते तेव्हा तो मदतीला धावून येतो.

गावात दुमजली घरात शिरलात की करवतवाला येतो. त्याची करवत मानेला लागली की खेळ संपला, तब्येत कितीही भरलेली असो. त्या घराच्या वरच्या मजल्यावर भिंतीला शॉटगन टांगलेली आहे, ती आधी घ्या. खिडक्यांना शिड्या लागतात. शिडी ढकलून द्या, वर येणारे सगळे खाली पडतात. घर भरलं की खिडकीतून उडी मारून बाहेर पडा. शॉटगनमध्ये काडतुसं एकेक करून भरायची असतात, म्हणून पळताना मिळेल तेवढ्या वेळात दोन-तीन सरकवत राहा, रिकामी होण्याची वाट बघू नका. इथे सगळ्यांना मारणं गरजेचं नाही. ठरावीक वेळ तग धरली की चर्चची घंटा वाजते आणि गावकरी आपणहून निघून जातात. करवतीचा आवाज कोणत्या बाजूने येतोय हे कळायला वायरवाले हेडफोन उत्तम, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो. क्वेस्ट ३एस ला मात्र वायरवाल्या हेडफोनची ३.५ मिलिमीटरची खाच नाही, तिथे अंगभूत स्पीकरच बरे.

मधले कथेचे प्रसंग सपाट पडद्यावर दिसतात. तेवढ्यात मनगटं सैल सोडा आणि पाणी प्या.

हिरवी वनस्पती एकटी वापरू नका. लाल मिसळली की औषधाचा जोर कितीतरी वाढतो, पिवळी मिसळली की तब्येतीची कमाल मर्यादाच वाढते. पिवळ्या मोजक्याच मिळतात आणि हिरवीशिवाय त्या वापरताच येत नाहीत. पुढे व्यापारी भेटला की आधी मोठी बॅग घ्या. बंदुकीची गोळ्यांची क्षमता वाढवली की ती पूर्ण भरून मिळते, म्हणून ती सुधारणा बंदूक जवळपास रिकामी असतानाच करून घ्या.

गावापुढच्या शेतात आणि नंतर दफनभूमीत मिळून १५ निळी पदकं टांगलेली आहेत. त्यांतली १० फोडली की व्यापारी ‘पनिशर’ पिस्तूल फुकट देतो, १५ फोडली तर ते जास्त ताकदीचं मिळतं. नेमाचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. आधी आसपासचे शत्रू संपवा, मग दोन्ही हातांनी पिस्तूल धरून एकेक पदक पाडा, आणि दर दोन-तीन गोळ्यांनंतर कमरेकडे न बघता मॅगझिन बदला.